शुभा, गाडी घेण्याआधी तिची स्क्रीन बघ

कोथरूड, पुणे

प्रिय शुभा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बॅटरीची वॉरंटी अजून चार वर्षं आहे, मग काळजी कसली?" तेव्हा मी फार बोलले नाही. तुझे सासरे शेजारीच होते, आणि ती जुनी इलेक्ट्रिक गाडी त्यांच्या पसंतीची. पण फोन ठेवल्यापासून माझ्या मनात तेच घोळतंय. विसार द्यायच्या आधी हे पत्र शांतपणे वाच, आणि त्यांनाही वाचून दाखव.

बॅटरीबद्दल सगळेच विचारतात. ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, हा आकडा आता विकणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या तोंडी बसलाय. तो बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत खराही आहे. पण ती वॉरंटी बॅटरी आणि मोटरपुरती. गाडीच्या बाकी भागांची मुदत वेगळी, कित्येक गाड्यांना ३ वर्षांच्या आसपास, आणि डॅशबोर्डच्या मधोमध बसवलेली ती मोठी टचस्क्रीन त्या बाकीच्यांत मोडते. तू बघतेयस ती गाडी चार वर्षांची. आधीच्या मालकाने वाढीव वॉरंटी घेतली नसेल, तर तिच्या स्क्रीनला आज कुणी वाली नाही.

आमच्या गाडीचं तुला तुकड्यातुकड्यांत माहीत आहे, आज सगळं सांगते. गेल्या उन्हाळ्यात सुरुवात झाली. ऑफिसचं पार्किंग उघड्यावर, दिवसभराचं ऊन पुढच्या काचेतून थेट डॅशबोर्डवर. संध्याकाळी गाडीत बसलं की स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात, काचेच्या आत, कागदावर तेल पसरावं तसा डाग दिसायचा. पुढे त्याचा फुगा झाला. मग स्क्रीन आपोआप दाबली जायला लागली. कुणी हातही लावलेला नसताना एसीचा पंखा पूर्ण वेगाने सुटायचा, आवाज वाढायचा, आणि एकदा नळ स्टॉपच्या सिग्नलला तिने माझ्या साहेबांनाच फोन लावला.

तेही मी चालवून घेतलं असतं. पण पावसाळ्यात कात्रजच्या चढावर ती पूर्ण काळी पडली. बाहेर मुसळधार पाऊस, मागच्या सीटवर आई आणि दोन्ही मुलं, काच आतून धुरकट होत चाललेली, आणि काचेवरची वाफ घालवायचं बटण त्या काळ्या पडद्याच्या आत! दुसरं बटण गाडीत कुठेच नाही. मी खिडकी उतरवली, रुमालाने काच पुसत पुसत गाडी कडेला घेतली. आई अवाक्षर बोलली नाही, पण तिने धाकटीला घट्ट धरून ठेवलं होतं. स्क्रीन म्हणजे करमणुकीचं साधन, असं म्हणणाऱ्या माणसाशी माझं त्या दिवसापासून जमत नाही. ज्या वस्तूवाचून पुढचा रस्ता दिसत नाही, ती करमणूक कशी?

तक्रार मी वॉरंटी चालू असतानाच केली होती. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी लॅपटॉप जोडला, सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि गाडी परत दिली. काही दिवसांनी पुन्हा तेच. १२ व्होल्टची छोटी बॅटरीही तपासून झाली, कारण ती कमजोर झाली तरी स्क्रीन बंद-चालू होत राहते. ती ठणठणीत निघाली. मग वॉरंटीची तारीख उलटली आणि त्यांची भाषाच बदलली. "मॅडम, पूर्ण युनिट बदलावं लागेल." एस्टिमेट हातात ठेवलं: पार्ट, मजुरी, वर १८ टक्के जीएसटी, सगळं मिळून लाखाच्या घरात. आणि विमा? तो अपघाताचा. आपोआप बिघडलेल्या इलेक्ट्रॉनिक्सचे पैसे विमा कंपनी देत नाही, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, असला तरी.

एवढे पैसे कशाचे, हे मला समजून घ्यायचं होतं. म्हणून बुधवार पेठेत गेले. तापकीर गल्लीच्या बाजूला स्क्रीन दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी एक जुनी स्क्रीन घेतली, गरम पाटीवर ठेवली आणि कडेने बारीक तार सरकवत सरकवत वरची काच अलगद सोडवली. आत पिवळट पडलेला गोंद होता, बोटाला चिकटणारा. मग थर एकेक करून दाखवले. वर काच, तिला लागून बोट कुठे टेकलं ते ओळखणारा पारदर्शक थर, त्याखाली चित्र दाखवणारं पॅनल, त्यामागे उजेड देणारे दिवे. हे सगळं पारदर्शक गोंदाने एकमेकांना चिकटवलेलं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन गोंद सुटतो, कडेने बुडबुडे येतात, आणि मग स्पर्शाचा थर भलतेच इशारे द्यायला लागतो. माझ्या फोनमधले फोटो मोठे करून त्यांनी पाहिले. म्हणाले, तुमचं पॅनल चांगलं दिसतंय, वरचा थर बदलला की काम होईल. त्यांनी सांगितलेली रक्कम कंपनीच्या आकड्याच्या कितीतरी खाली होती.

पण त्या भल्या माणसाने पुढचंही सांगितलं. "ताई, आत्ता उघडू नका. एकदा मी हात लावला की कंपनी म्हणणार, बाहेर खोललंय." भंगारातल्या गाडीचं युनिट आणून बसवायचं, तर पुष्कळ गाड्यांत ते सॉफ्टवेअरने मूळ गाडीशी बांधलेलं असतं. कंपनीच्या लॅपटॉपशिवाय ते जागं होत नाही. म्हणजे वरचा एक थर खराब, आणि आपण पैसे मोजायचे अख्ख्या युनिटचे. हे मला मुळीच पटत नाही. जो भाग बिघडला तो सुटा मिळालाच पाहिजे.

आता तू म्हणशील, नशीब एकेकाचं. तसं नाही गं. अमेरिकेत टेस्लाच्या गाड्यांचं काय झालं ते ऐक. मॉडेल एस आणि मॉडेल एक्सच्या २०१८ च्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांत स्क्रीनमागच्या संगणकात ८ जीबीची एक मेमरी चिप होती. अशा चिपवर ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतं, साधारण ३,००० वेळा. गाडी चालू असली की संगणक त्यात सतत नोंदी लिहीत राहणार, आणि पाच-सहा वर्षांत चिप झिजणार. चिप गेली की स्क्रीन गेली, आणि स्क्रीनबरोबर मागचा कॅमेरा, काचेवरची वाफ घालवायची सोय, इंडिकेटरचा आवाजसुद्धा. त्या गाड्यांची मूळ वॉरंटी ४ वर्षं किंवा ५०,००० मैलांची. म्हणजे चिपचं आयुष्य संपायच्या आधी वॉरंटी संपलेली, आणि लोक खिशातून पैसे भरत होते.

तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२० मध्ये चौकशी सुरू केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने त्या चिपची वॉरंटी वाढवून ८ वर्षं किंवा १,००,००० मैल केली. संस्थेचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. जानेवारी २०२१ मध्ये तिने सुमारे १,५८,००० गाड्या परत बोलवा असं पत्रच पाठवलं, आणि फेब्रुवारीत कंपनी सुमारे १,३५,००० गाड्यांसाठी राजी झाली. ८ च्या जागी ६४ जीबीची चिप बसवायची, आणि आधी ज्यांनी स्वतः पैसे भरले त्यांना ते परत द्यायचे. चिप झिजणारच, असं कंपनी म्हणत होती. संस्थेचा मुद्दा एवढाच होता, की सुरक्षेची कामं तिच्यावर सोपवलीत तर ती टिकायला हवी.

१,००,००० मैल म्हणजे जवळपास १,६०,००० किलोमीटर. आपल्याकडे बॅटरीला देतात नेमकी तेवढीच मुदत! माझं म्हणणं तेच आहे. ज्या स्क्रीनवाचून गाडी सुरक्षित चालत नाही, तिला बॅटरीइतकीच वॉरंटी मिळाली पाहिजे. तिथे संस्थेला जोर आला त्याचं एक कारण म्हणजे नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा कायद्याने लागतो. आपल्याकडे जुलै २०१९ पासून मागचे सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा नाही. म्हणून स्क्रीन काळी पडली तरी कॅमेऱ्याची सक्ती मोडली असं इथे म्हणता येत नाही. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने गाड्या परत बोलवायची तरतूद आली आहे, आणि परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर मालकाला दोषाची तक्रार नोंदवता येते. मी नोंदवली. अशा तक्रारी एकाच मॉडेलबद्दल पुरेशा जमल्या की तिथे हालचाल होते, म्हणून आमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या मालकांच्याही मी मागे लागले आहे.

माझ्या बाजूने सगळ्यात उपयोगी पडलं ते जॉब कार्ड, म्हणजे गाडी देताना सर्व्हिस सेंटरवाले तक्रार लिहितात तो कागद. पहिल्या वेळी त्यांनी त्यावर फक्त 'सॉफ्टवेअर अपडेट' लिहिलं होतं. मी तिथेच उभी राहून माझी तक्रार माझ्या शब्दांत लिहून घेतली, आणि घरी येऊन व्हिडिओसकट ईमेल केला. त्यामुळे दोष वॉरंटीच्या मुदतीतच दिसला होता याचा कागद माझ्याकडे आहे. कंपनीने गुडविल म्हणून निम्मे पैसे देऊ केले, मी लेखी नकार दिला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तिथे निपटलं नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात गेले आहे. वकील लागतोच असं नाही. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी फी ४०० रुपये. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते. निकाल काय लागेल तो लागो, पण हक्काचं ते मी निम्म्यावर सोडणार नाही.

तुझ्या गाडीचं आता. ती भर दुपारी उन्हात तासभर उभी करायला लाव आणि मग स्क्रीन बघ. चारही कडा तिरक्या नजरेने बघ, फुगा किंवा पिवळी पट्टी असेल तर तिथे दिसेल. बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरव, मध्ये कुठे तुटतंय का बघ. रिव्हर्स टाकून कॅमेरा लगेच येतो का ते पाहा. वाफ घालवायला वेगळं बटण आहे का, हे मात्र सगळ्यात आधी. युरोपातल्या सुरक्षा चाचणीत २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना खरी बटणं नसली तर गुण कापले जातात, त्याला कारण आहे. गाडीचा सर्व्हिसचा इतिहास कंपनीच्या सेंटरमधून काढून घे, विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस. त्यात स्क्रीनसाठी सॉफ्टवेअर अपडेट पुन्हापुन्हा दिसलं तर समजून जा. वाढीव वॉरंटी असेल तर ती तुझ्या नावावर होते का, आणि तिच्यात स्क्रीन धरली आहे का, हे पुस्तिकेत छापलेलं वाच. धरली नसेल तर नव्या युनिटचं एस्टिमेट मागून घे आणि तो आकडा समोर ठेवूनच किमतीचं बोलणं कर.

शनिवारी मी नाशिकला येते. विकणाऱ्याकडून दुपारी दोनची वेळ घे आणि वॉरंटीच्या पुस्तिकेचे फोटो मला आधीच पाठव, बसमध्ये वाचून ठेवीन. तुझ्या सासऱ्यांना नमस्कार सांग.

तुझी,
मीना