गडाखालचा वग यंदाही उभा राहिला पाहिजे

सप्रेम नमस्कार,

तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी आपल्या देवगिरीला आणली, गावाचे दौलताबाद केले आणि पुढे लोकांना परत जायची मुभा दिली. आपल्या वगातला सोंगाड्या गाठोडे सोडतो न सोडतो तोच परतीची दवंडी येते, तेव्हा पार गडाच्या दरवाजापर्यंत हशा ऐकू जातो. इब्न बतूताने लिहून ठेवलेले इथल्या कोठडीतले मांजराहून मोठे उंदीर शाळेची पोरं गोणपाट पांघरून करतात. आणि मिठाचा प्रवेश! खिलजीच्या वेढ्यात धान्य म्हणून गडावर चढवलेल्या गोण्यांत मीठ निघाले, अशी कथा. कोठारवाला गोणीत हात घालतो, बोट चाटतो आणि काही न बोलता रामदेवरायाकडे बघत राहतो. लोक हसतात, मग एकदम गप्प होतात. असा प्रवेश आपल्याच मातीत होऊ शकतो.

हे उभे राहिले ते माणसांमुळे. शिंपीकाकांनी ऐन लग्नसराईत रात्री जागून सुलतानाचा अंगरखा शिवला, मजुरी तर नाहीच, जरीचे पैसेही घेतले नाहीत. काका गेले, काकूंनी परवा तोच अंगरखा रफू करून, घडी घालून पाठवला. मंडपवाल्या अण्णांनी कितीतरी वर्षे भाडे घेतले नाही. बचत गटाच्या ताई तालमीच्या रात्री पिठलं-भाकरी आणतात, पेरूच्या बागवाल्यांची पाटी न सांगता येते. या सर्वांचे ऋण मंडळ विसरणार नाही.

मात्र गेल्या वर्षी पावतीपुस्तक घरोघर फिरले आणि निम्मे कोरे परत आले. पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसणाऱ्यांनीही ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हटले. मनाला लागले, म्हणून लिहिले. ती पुढची खेप आली आहे.

गड संरक्षित स्मारक, आत खिळाही ठोकता येत नाही. म्हणून स्टेज, माइक, जनरेटर सगळे तटाबाहेर एका रात्रीपुरते भाड्याने आणावे लागते. त्यात बांबूच्या हत्तीला वाळवी लागली, ढोलकीची शाई उडाली.

वग येत्या पौर्णिमेला, रात्री ९ वाजता. मंडपाचा इसार रविवारच्या आत द्यायचा आहे. रोख रक्कम खजिनदारांकडे (पावती लगेच), ऑनलाइनसाठी मंडळाच्या फलकावरचा क्यूआर कोड, सोबत नाव-गाव कळवावे. जुनी जरीची साडी, गोणपाट, बांबू, एक दिवसाचा ट्रॅक्टरही चालेल. तालीम रोज रात्री ८ नंतर मारुतीच्या पारावर. उंदरांमध्ये अजून चार पोरं हवी आहेत.

आपला,
सचिव