सही करण्याआधी

प्रिय नित्या,

सप्रेम नमस्कार.

पत्र वाचलं. न झालेल्या टेस्टच्या रिपोर्टवर सही कर म्हणतात, आणि 'माल चांगलाच आहे, कोणाचं काय बिघडतंय?' हे साहेबांचं पालुपद. तूही नुकसान किती होईल याचाच हिशेब मांडत बसलास. मला तो हिशेब सुरूच करू नये असं वाटतं.

फोक्सवॅगन आठवते ना? २०१५ साली उघडकीस आलं. स्टिअरिंगची स्थिती, वेग, हवेचा दाब यांवरून त्यांच्या डिझेल गाड्यांना कळायचं, की आपण टेस्टच्या रोलरवर आहोत. तिथे धूर नियमात. रस्त्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या! वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी डिकीत मापनयंत्रं टाकून कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर गाड्या पळवल्या, तेव्हा पहिला संशय आला. समज, त्यांनी त्या पळवल्याच नसत्या. तरीही ते कृत्य तेवढंच वाईट ठरलं असतं, असं मी मानतो.

इथे मला जर्मन तत्त्वज्ञ कांट पटतो. परत करायचे नाहीत हे मनात पक्कं असताना 'देतो' म्हणून उसने पैसे घेणारा माणूस हे त्याचं उदाहरण. सगळेच तसं वागू लागले तर शब्दावर कोणी दमडी देणार नाही, आणि मग त्याची थापही चालणार नाही. टेस्टचं तेच. सगळ्यांनीच फसवली तर त्या कागदाला किंमत उरत नाही, आणि फसवणाऱ्याला नेमकी ती किंमतच हवी असते. बाकीच्यांनी इमानदारीत राहावं, मी तेवढा अपवाद! शिवाय 'क्लीन डिझेल' म्हणून गाडी घेणाऱ्याला खरं सांगून विचारलंच कोणी? त्याला नुसतं वापरून घेतलं.

आणि 'कंपनीने केलं' म्हणजे कोणी? फोक्सवॅगनच्या जेम्स लियांग नावाच्या इंजिनिअरला २०१७ मध्ये ४० महिन्यांची कैद झाली. कंपनीवरच्या निष्ठेपायी केलं, असा बचाव होता. निष्ठा मला कळते रे, पण सही कंपनी करत नाही, माणूस करतो.

घराचे हप्ते चालू आहेत, हे मी विसरलेलो नाही. साहेबांना लेखी कळव: टेस्ट झालेली नाही, वेळ द्या, करून सही करतो. त्यांनी तोंडी दटावलं तरी उत्तर मेलवरच दे. नोकरीवर आलंच तर पहिले काही हप्ते माझ्याकडून घे, संकोच करू नकोस. वहिनींशी मी बोलतो. रविवारी येतोय.

तुझा,
दिलीप