‘शांताबाई’ नावाची सोय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीतील विनोदी सदरात शांताबाई पुन्हा एकदा अवतरली. ती उशिरा आली, आल्या आल्या तिने शेजारच्या घरातले भांडण तिखटमीठ लावून सांगितले, सणाच्या तोंडावर उचल मागितली आणि दुसऱ्या दिवशी न सांगता दांडी मारली. सदराच्या लेखकांविषयी माझ्या मनात आकस नाही. त्यांचे एरवीचे लेखन मी आवडीने वाचते. पण माझे नाव शांता आहे, वय त्र्याहत्तर आहे, आणि गेली पंधरा-वीस वर्षे हे नाव सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे किंचित हसू उमटते ते मी पाहत आले आहे. त्यासंबंधी थोडे लिहिण्याची परवानगी असावी.

हे पत्र मी दोनदा लिहिले. पहिल्या खर्ड्यात महाराष्ट्रातल्या शांतांची यादी होती. १९३९ साली पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसलेल्या अभिनेत्री शांता आपटे, १९९६ च्या आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष शांता शेळके, बाबासाहेबांच्या चळवळीत आयुष्य घालवलेल्या आणि विधान परिषदेत बसलेल्या नाशिकच्या शांताबाई दाणी, आयुष्यभर शाळेत शिकवून स्वतःच्या जन्माची कहाणी लिहिणाऱ्या शांताबाई कांबळे, अशी ती भारदस्त यादी होती. रात्री ती परत वाचली आणि माझी मलाच लाज वाटली, कारण इतकी मोठी नावे गोळा करून मी प्रत्यक्षात एवढेच म्हणत होते की आम्ही शांता म्हणजे काही भांडी घासणाऱ्या बायका नव्हे. ज्या समजुतीवर तो विनोद उभा आहे, तीच समजूत मी जरा सभ्य भाषेत मांडली होती. दाणीबाईंनी तो खर्डा वाचला असता तर मला चांगलेच फैलावर घेतले असते. भांडी घासणे हा माझ्या नावाला लागलेला डाग नाही, तेव्हा तो खर्डा मी फाडून टाकला.

नावाची थट्टा झाली म्हणून दुखावण्याइतकी मी हळवीही नाही. दहाएक वर्षांपूर्वी गणपतीच्या मिरवणुकीत माझ्या नावाचे एक गाणे गल्लोगल्ली वाजत होते, तेव्हा नातवंडांनी मला त्या तालावर हात हलवायला लावले आणि मी हलवलेही. त्यातली शांताबाई निदान नटूनथटून रस्त्यावर आलेली होती. सदरातली शांताबाई वेगळी आहे. तिला चेहरा नाही, गाव नाही, आडनाव नाही. तिची गरज एवढीच, की खऱ्या बाईचे नाव विचारण्याचे कष्ट आपल्याला पडू नयेत.

हे मला आमच्या इमारतीच्या फाटकावर नीट कळले. तिथे सुरक्षारक्षकाजवळ एक लांबट वही असते. तारीख, वेळ, फ्लॅट क्रमांक, नाव आणि सही असे तिचे रकाने आहेत. एकदा माझे पार्सल कोणाच्या हाती गेले ते शोधताना मी ती वही चाळली. त्या दिवशी सकाळी सात ते दहा या वेळात चौदा स्त्रिया कामाला आल्या होत्या. त्यांपैकी अकरा जणींच्या नावाच्या रकान्यात नुसते ‘बाई’ लिहिले होते, दोघींच्या ‘मावशी’ आणि एकीच्या ‘शांताबाई’. सह्या मात्र ज्यांच्या त्यांनी केलेल्या होत्या, आणि ‘शांताबाई’ असे लिहिलेल्या ओळीच्या शेवटी, गोलसर आणि सराईत अक्षरात, ‘अश्विनी’ अशी सही होती. चार बोटांच्या अंतरावर. मी रक्षकाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “आजी, वरून फोनवर जे सांगतात ते मी लिहितो.” त्याचे म्हणणे खरे आहे. आम्हीच तसे सांगतो.

यात एक गंमत अशी की शांता हे नाव आज घरकाम करणाऱ्या स्त्रियांत फारसे सापडणारच नाही. ते माझ्या आणि माझ्या आईच्या पिढीचे नाव आहे. कमल, विमल, सुमन, कुसुम यांच्या पंगतीतले. पाटावर बसलेल्या आत्येने कानात सांगावे आणि वर्गात एका बाकावर तीन जणी निघाव्यात, असे. आज कामाला येणाऱ्या मुली पूजा, आरती, प्रियांका, अश्विनी आहेत, आणि नेमकी हीच नावे मालकिणींच्या लेकीसुनांचीही आहेत. माझी अटकळ अशी, की म्हणूनच विनोदाला शांताबाई लागते. कामवालीला पूजा म्हटले तर वाचणाऱ्या घरातली पूजा दचकेल. जुने, उताराला लागलेले, आता कोणी बारशाला न निवडणारे नाव घेतले की कोणाच्याच घराला धक्का लागत नाही. म्हाताऱ्या शांता उरल्या आहेत खऱ्या, पण त्या पत्रे लिहीत नाहीत, असा समज असावा.

ही खोड फक्त बायकांच्या बाबतीतच आहे, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मुंबईत एके काळी घरगड्यांना सर्रास ‘रामा’ म्हणत. रत्नागिरीकडून आलेला गणपत असो वा सखाराम, गुजराती, पारशी आणि साहेबी घरांत तो रामाच. हवालदाराला ‘पांडू’ म्हणणे तर अजून चालू आहे. पुढे घरकामातून पुरुष निघून गेले, त्या जागी तासावर काम करणाऱ्या स्त्रिया आल्या, आणि रामाच्या जागी शांता बसली. फरक एवढाच, की रामाकडून नुसते काम अपेक्षित होते, शांताबाईला मात्र स्वभावही चिकटवला गेला: चुगल्या करणारी, हातचे राखून काम करणारी, साबण जास्त वापरणारी, सदा कसले तरी कारण सांगणारी.

‘बाई’ या शब्दाचेही असेच झाले. अहिल्याबाई, जिजाबाई, सावित्रीबाई यांच्या नावामागे तो मानाने बसला आहे. मी शाळेत होते तेव्हा शिक्षिकेला आम्ही ‘बाई’ म्हणत असू, आणि त्या हाकेत भीतीही होती आणि मायाही होती. आता शाळेत मॅडम आणि टीचर झाल्या, आणि ‘आज बाई आली नाही’ या वाक्याचा शहरात एकच अर्थ उरला.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्या कचेरीतील कॅरन नावाच्या एक बाई कॉफीच्या दुकानात पेल्यावर लिहिण्यासाठी मुद्दाम दुसरेच नाव सांगतात, हे तिने मला सांगितले तेव्हा मी त्या प्रकरणाविषयी थोडे वाचले. १९६५ साली अमेरिकेत जन्मलेल्या मुलींच्या नावांत कॅरन तिसऱ्या क्रमांकावर होते, म्हणजे आपल्याकडच्या शांतेसारखेच घरोघरचे. अर्धशतक उलटल्यावर ते नाव दुकानात व्यवस्थापकाला बोलवा म्हणून हट्ट धरणाऱ्या गोऱ्या मध्यमवयीन बाईचे झाले. २५ मे २०२० रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पक्षी पाहायला आलेल्या एका कृष्णवर्णीय गृहस्थांनी एका बाईला कुत्र्याला पट्टा लावायला सांगितले, तेव्हा तिने पोलिसांना फोन करून एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस मला धमकावतो आहे असे कळवले, आणि लोकांनी तिलाही कॅरनच ठरवले. त्याच दिवशी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस गोऱ्या पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला, त्यामुळे असा फोन किती महागात पडू शकतो हे वेगळे सांगण्याची गरज राहिली नाही. सॅन फ्रान्सिस्कोने त्याच वर्षी द्वेषापोटी केलेल्या अशा खोट्या फोनांविरुद्ध नियम केला आणि त्याच्या लांबलचक इंग्रजी नावातली आद्याक्षरे ‘कॅरन’ अशीच जुळवून आणली. नवजात मुलींच्या यादीत हे नाव एका वर्षात ६६० वरून ८३१ व्या क्रमांकावर घसरले.

त्या थट्टेला सुरुवातीला एक न्याय्य टोक होते, हे मान्य केले पाहिजे. ज्यांच्यावर पोलीस धाडले जात होते, त्यांनी धाडणारीला ठेवलेले ते नाव होते. खालून वर फेकलेला खडा होता तो. पण खडा हातातून सुटला की कोणाला लागेल याचा भरवसा नाही. पुढे दुकानात चुकीचे बिल दाखवणारी, डॉक्टरला दोनदा प्रश्न विचारणारी, कोणतीही तक्रार करणारी बाई कॅरन ठरू लागली. तीच तक्रार पुरुषाने केली तर त्याला एक ठरावीक नाव चिकटत नाही. आमच्या वसई-वांद्र्याकडच्या ख्रिस्ती घरांतही कॅरन नावाच्या मुली आहेत, आणि कसला संबंध नसताना त्यांना हे ऐकावे लागत असणार. आपल्याकडेही २०१६ साली एका दहा रुपयांच्या नोटेवर कोणी तरी एका सोनम गुप्ताला बेवफा ठरवले आणि देशभरच्या त्या नावाच्या मुली काही महिने चेष्टेचा विषय झाल्या. शांताबाईच्या बाबतीत तर पहिल्यापासूनच खडा वरून खाली पडतो आहे. तिने कोणावर पोलीस धाडलेले नाहीत. उलट, घरातली अंगठी सापडेनाशी झाली की संशय आधी तिच्यावर जातो.

आणि या विनोदातला सर्वांत हमखास हशा ‘दांडी’वर मिळतो, याचेच मला सर्वाधिक वाईट वाटते. मी बत्तीस वर्षे नोकरी केली. मला किरकोळ रजा होती, आजारपणाची होती, दोन बाळंतपणांची भरपगारी होती. मी न आल्यास त्याला ‘रजा’ म्हणत. तेच तिने केले तर ती दांडी. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि पगारवाढीबरोबर हक्काची रजा मागितली गेली, ही गोष्ट याच शहरातली आहे. राज्याने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी जो १८९ वा करार संमत केला, त्यात आठवड्यातून सलग चोवीस तासांच्या विश्रांतीचे कलम आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, मात्र त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. रविवारची पुरवणी निवांत वाचत असताना आपल्या घरातली भांडी कोण घासत असते, हे आपल्या सदरलेखकांना मी सांगायला नको.

सदर बंद करा, अशी माझी मागणी नाही. घरकाम करणारी बाई आणि मालकीण यांच्यात रोज जे घडते त्यात भरपूर विनोद आहे, आणि त्यातला निम्मा तरी मालकिणीवर होण्यासारखा आहे. एखादा रविवार तो तिच्या बाजूने लिहून पाहावा. त्या पात्राला आडनाव, गाव आणि एखादे मूल दिले तर नाव कोणते ठेवायचे हा प्रश्न आपोआप सुटेल, असे मला वाटते.

माझ्याकडे येणारी मुलगी एकोणतीस वर्षांची आहे, बारावी झालेली आहे. तिचे नाव मी पत्रात घालू का, असे विचारले तर ती म्हणाली, “नको काकू, आमच्या सोसायट्यांत पेपर वाचतात सगळे.” म्हणून ते लिहिलेले नाही. तो अंक मी तिला दाखवला. तिने ओट्याशी उभ्याउभ्याच सगळे वाचले, आणि मग विचारले, “पण हिला उचल दिली का नाही शेवटी?”

आपली नम्र,
एक शांता
पुणे