काट मारलेल्या ओळींबद्दल

प्रिय दादा,

संगणक सुरू होऊन आज तीन आठवडे झाले. फोनवर आभार मानायला गेले, तर "अगं, त्यात काय एवढं!" म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि मुद्दाम उघड लिहितेय. मोजक्या पैशांत गेमिंगचा संगणक जोडायला निघालेलं कुणी हे वाचेल, तर तुम्ही माझ्यासाठी घेतलेले कष्ट त्यालाही उपयोगी पडतील.

संगणकाच्या भागांची मी पाठवलेली पहिली यादी तुम्हाला आठवत असेल. आठ कोअरचा (हिशेब करणाऱ्या आठ गाभ्यांचा) प्रोसेसर, दिव्यांची रॅम, पाण्याचा कूलर, चारी बाजूंनी काचेचं कॅबिनेट आणि उरलेल्या पैशांत बसेल ते ग्राफिक्स कार्ड. पॉवर सप्लायसमोर नुसतं '६०० वॉट' लिहिलं होतं. यादीबद्दल अवाक्षरही न काढता तुम्ही विचारलंत, "मॉनिटर कुठला आहे? आणि खेळणार काय?"

मॉनिटरचा मी विचारच केला नव्हता. तुम्ही मला कागदावर गुणाकार करायला लावलात. १०८०पीच्या पडद्याचे १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार पिक्सेल. १४४०पीचे २५६० गुणिले १४४० म्हणजे ३६ लाख ८६ हजार, पावणेदोन पटींहूनही जास्त. ग्राफिक्स कार्डाला एकेका फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रासाठी, एवढे ठिपके रंगवायचे असतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर सातही नाहीत. माझा मॉनिटर १०८०पीचा आहे आणि तो बदलायचा नाही हे ठरलं, तेव्हा यादी उलटी झाली. आधी पडदा, मग त्या पडद्याला पुरेल असं कार्ड, मग त्या कार्डाला अडवणार नाही असा प्रोसेसर. काच आणि दिवे सगळ्यात शेवटी, आणि तेवढे पैसे उरलेच नाहीत. त्याचं मला आता जराही वाईट वाटत नाही.

प्रोसेसरवरून मात्र मी तुमच्याशी वाद घातला. तुम्ही सुचवलेला रायझन ५ ५६०० हा २०२२चा, आणि त्याचं एएम४ सॉकेट (मदरबोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा) त्याहून जुनं. मला त्यानंतरचं एएम५ हवं होतं, म्हणजे पुढे नुसता प्रोसेसर बदलता आला असता. माझं म्हणणं तुम्ही उडवून लावलं नाहीत. "खरंय तुझं," म्हणालात, "पण त्यासाठी नव्या पिढीची डीडीआर५ रॅम आणि महागडा बोर्ड आजच घ्यावा लागेल, आणि ते पैसे ग्राफिक्स कार्डातूनच काढावे लागतील. तुला आज खेळायचंय की चार वर्षांनी प्रोसेसर बदलायचाय?" दोन दिवस विचार केला. मला आज खेळायचं होतं. सहा कोअर, बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), ६५ वॉट, आणि कूलर खोक्यातच. पाण्याच्या कूलरवर आपोआप काट बसली.

सगळ्यात जास्त आभार ग्राफिक्स कार्डासाठी. आरएक्स ६५०० एक्सटी मी जवळजवळ घेतलंच होतं. नाव नवं, किंमत आटोक्यात, मग अडचण कसली? ती अडचण तुम्ही रस्त्यांच्या भाषेत समजावलीत. हे कार्ड बोर्डाशी फक्त चार लेननी बोलतं. पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारा रस्ता, ४.० आवृत्तीचा असेल तर चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी माहिती जाते, ३.० वर त्याच्या निम्मी. आणि मी निवडलेला ए५२० बोर्ड ३.०चाच होता. त्यात कार्डाची मेमरी ४ जीबी. ती भरली की टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवायची चित्रं) संगणकाच्या रॅममधून ओढत आणावी लागतात, म्हणजे रस्त्याची गरज सर्वांत जास्त असते नेमका तेव्हाच तो अरुंद पडतो. आरएक्स ६६०० आठपदरी आहे, मेमरीही ८ जीबी. त्याच ३.० बोर्डावर त्याचं नुकसान किरकोळ होतं. या दोन कार्डांतला फरक खोक्यावर वाचून मला कधीच कळला नसता. बोर्डही मग बदलावा लागला नाही.

आणि पॉवर सप्लाय. माझा आधीचा संगणक कसा गेला, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं होतं की एके रात्री जळका वास आला आणि सकाळी बोर्डसुद्धा मेलेला होता. जुन्या पॉवर सप्लायचा डबा माळ्यावरून काढून त्याचं लेबल वाचायला सांगितलंत. वर मोठ्या अक्षरांत ५०० वॉट, पण १२ व्होल्टसमोर २० अँपिअर. म्हणजे २४० वॉट. प्रोसेसर आणि कार्ड तर याच १२ व्होल्टवर जगतात! ८० प्लसचं चिन्हही मी चांगल्या मालाची खूण समजत होते. ते फक्त कार्यक्षमतेबद्दल बोलतं, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कामी येते एवढंच. जास्त भार आला किंवा शॉर्ट झालं तर डबा स्वतःला वेळेवर बंद करतो का, हे त्यावरून कळत नाही. १३२ वॉटचं कार्ड आणि ६५ वॉटचा प्रोसेसर यांना ५५० वॉटचा चांगला सप्लाय भरपूर झाला, हे तुम्ही पटवलंत. वॉट कमी केले आणि पैसे वाढवले. पूर्ण यादीत तुम्ही रक्कम वाढवलेली ती एकच ओळ.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही. तुम्ही ५०० जीबीची एसएसडी म्हणालात, मी १ टीबी घेतली. हल्ली एकेक गेम १०० जीबीच्या घरात जातो, त्यामुळे हा निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो.

जोडणीच्या दिवशी पडदा काळाच राहिला, तेव्हा माझा जीव गोळा झाला होता. तुम्ही शांतपणे विचारलंत, "केबल कुठे लावलीस?" मदरबोर्डाला लावली होती, आणि या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसल्यामुळे ते पोर्ट बंदच असतं. केबल कार्डाला लावली आणि चित्र आलं. मग तुम्ही फोन ठेवू दिला नाहीत. रॅमच्या दोन्ही पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू केलंस ना, सगळं विचारलंत. रॅम २६६६ वर चालत होती. ती ३२०० झाली, आणि त्यासाठी एक पैसाही लागला नाही.

दादा, "हे घे" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. ज्या ज्या ओळीवर काट मारलीत, तिच्याशेजारी कारण लिहिलंत, आणि मला ते कळेपर्यंत थांबलात. रात्री साडेअकरालासुद्धा.

कॅबिनेटच्या जाळीमागे पुढचा दुसरा पंखा लाव असं तुम्ही म्हणाला होतात, तो परवा बसवला. त्याच गेममध्ये, त्याच सेटिंगवर, कार्डाचं तापमान ७६ वरून ७१ अंशांवर आलं. तुम्ही आकडा कळवायला सांगितला होतात.

तुमची,
यादीवाली