‘बोलेल हळूहळू’ म्हणणाऱ्या घरातल्या मोठ्यांसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२ एप्रिलच्या जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) जागृती दिनानिमित्त आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. लक्षणं नीट दिली होती. पण ती लक्षणं ओळखून एखादी आई घरात बोलायला जाते तेव्हा तिचं काय होतं, ते त्यात नव्हतं. ते मला ठाऊक आहे, कारण आमच्या घरात तिला गप्प बसवणारी मीच होते.

मी निवृत्त शिक्षिका. एकतीस वर्षं बालवर्ग सांभाळला. मुलं आपल्याला कळतात, अशी माझी पक्की समजूत होती. नातू दीड वर्षाचा असताना सून म्हणाली, “आई, नावाने हाक मारली तर हा वळून बघत नाही हो. बोट दाखवून काही मागतही नाही.” मी म्हटलं, “अगं, खेळात रमलेला असतो. याचा बाबा तीन वर्षांचा होईपर्यंत धड बोलत नव्हता. आता थांबतो का बघ!” सगळे हसले. तीही हसली आणि विषय तिथेच संपला. पुढे तिने तो काढला की माझं उत्तर ठरलेलं असे. त्यात एका डॉक्टरांनी “मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट बघा” असं सांगितलं, मग मला आणखीच जोर आला. असे पंधरा महिने गेले.

दिसत सगळं होतं. डब्याचं झाकण उघडून हवं असलं की तो माझं मनगट धरायचा आणि माझा हात उचलून झाकणावर नेऊन ठेवायचा. तोंडाकडे मात्र बघायचा नाही. मला वाटायचं, न बोलता काम करून घेतो, केवढा हुशार! खेळण्यातली मोटार त्याने कधी चालवली नाही. ती उलटी करायची, जमिनीवर गाल टेकून पडायचं आणि एकच चाक फिरवत बसायचं, अर्धा अर्धा तास. मी म्हणायची, इंजिनिअर होणार. चौदाव्या महिन्यात तो ‘बाबा’ आणि ‘बाय’ म्हणू लागला होता. ते दोन्ही शब्द पुढे नाहीसे झाले. तेव्हा मी दातांवर खापर फोडलं. आलेले शब्द गेले, तर मूल कितीही वयाचं असो, एक दिवसही थांबू नये, हे मला फार उशिरा कळलं.

एका दुपारी मात्र मी गप्प झाले. शेजारची सव्वा वर्षाची मुलगी आईच्या कडेवर होती. समोर कावळा येऊन बसला. तिने बोट केलं, “अ!” म्हणाली, मान वळवून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कावळ्याकडे. तिला कावळा नको होता. मी पाहिलं ते तूही पाहिलंस ना, एवढंच तिला विचारायचं होतं. माझा नातू तेव्हा अडीच वर्षांचा होऊन गेला होता आणि त्याने मला असं एकदाही काही दाखवलं नव्हतं. मी शिकवलेली मुलं तीन वर्षांच्या पुढची. त्याआधीच्या वयात मूल काय काय करतं, हे मी कधी निरखलंच नव्हतं. त्या रात्री सुनेला म्हटलं, “उद्याच अपॉइंटमेंट घे. मी येते बरोबर.”

मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ असलेल्या डॉक्टरांनी आधी कानांची तपासणी करायला सांगितलं. मी म्हटलं, आतल्या खोलीतून नुसती कागदाची चुरचुर ऐकून हा धावत येतो, ऐकू न यायला काय झालं? पण काही आवाज ऐकू येतात आणि काही नाही, असंही असू शकतं, म्हणून ती तपासणी आधी. कान ठीक निघाले. स्वमग्नतेचं निदान रक्ततपासणीने किंवा स्कॅनने होत नाही. डॉक्टर जमिनीवर बसून त्याच्याशी खेळल्या. साबणाचे फुगे उडवले आणि मध्येच थांबल्या. आणखी फुगे हवे म्हणून हा चेहऱ्याकडे बघतो का? बाहुली आणि कप दिला. तिला खोटं खोटं पाणी पाजतो का? मग मुलाला आणि सुनेला कितीतरी प्रश्न. तेव्हा सुनेने फोन पुढे केला. पंधरा महिन्यांचे व्हिडिओ तिने तारखेनिशी ठेवले होते. घरात कुणी ऐकत नव्हतं, म्हणून ती ते नुसते साठवत होती. डॉक्टरांनी ते एकेक करून पाहिले. शेजारी बसून मीही पाहिले. त्यातल्या बऱ्याच व्हिडिओंत मागे माझा आवाज आहे: “बोलेल गं!”

दोन वर्षांच्या सुमारास अनुभवी तज्ज्ञांना भरवशाचं निदान करता येतं, आणि संशय तर त्याआधीही येतो. वर्षाचं मूल नावाला वळत नाही, टाटा करत नाही. दीड वर्षाचं बोट दाखवत नाही. दोन वर्षांचं दोन शब्द जोडून बोलत नाही, तर विचारायला जावं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ नावाची वीस प्रश्नांची यादी आहे, ती पालकांनीच भरायची असते. तिने निदान होत नाही, पण पुढे तपासायला हवं का ते कळतं.

आणि “बोलतो की, मग स्वमग्न कसा?” असंही म्हणू नका. माझा नातू पुढे बडबडगीतं अथपासून इतिपर्यंत म्हणू लागला, पण तहान लागली की म्हणायचा, “तुला पाणी हवं का?” आम्ही त्याला विचारायचो तेच, जसंच्या तसं. मुलींचं तर आणखी अवघड. त्या इतरांचं बघून वागायला शिकतात, त्यामुळे कित्येकींचं निदान मोठेपणी होतं. माझ्या वर्गातली एक मुलगी वर्षभर त्याच कोपऱ्यात बसायची, इतरांच्या शेजारी पण एकटीच खेळायची. तिच्या प्रगतिपुस्तकात मी ‘शांत व आज्ञाधारक’ असं लिहिलं होतं. आता ती सारखी आठवते.

निदान झाल्यावर नातेवाइकांनी कारणं शोधली. आई नोकरीला जाते म्हणून, लसीमुळे. लसीचा संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध, तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. नंतरच्या मोठमोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. आईच्या कोरडेपणामुळे असं होतं, असं एके काळी काही डॉक्टरही म्हणत. तेही खोटं ठरलं. माझ्या सुनेने दोन्ही ऐकलं, आणि ते ऐकून घेताना मी तिथेच होते.

नातू आता पाच वर्षांचा आहे. स्वमग्नता हा बरा करण्याचा आजार नव्हे. त्याचं मन वेगळ्या रीतीने चालतं. पण आपल्याला काय हवं ते सांगता न येणं हा त्याचा खरा त्रास होता. त्यापायी तो डोकं आपटून घ्यायचा. स्पीच थेरपीत चित्रांची कार्डं दिली, तेव्हा मला भीती वाटली की आता हा बोलणारच नाही. तसं झालं नाही. पाण्याचं कार्ड हातात द्यायला शिकला आणि डोकं आपटणं काही आठवड्यांत कमी झालं. शब्द नंतर आले.

हे पत्र सुनेला वाचायला दिलं. तिने एकच गोष्ट घालायला सांगितली: तज्ज्ञांची तारीख मिळायला कित्येक महिने लागतात, तोवर नुसतं बसून राहू नका, निदानाचा कागद हातात नसतानाही स्पीच थेरपी सुरू करता येते.

आपली,
एक आजी
(नातवाच्या दृष्टीने माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)