अपडेटनंतर व्हीआरचे क्लायंट सर्व्हरला जोडत नाहीत, ११ दिवस झाले

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

माझं जुळे सोलापूरमध्ये छोटं व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी) गेमचं सेंटर आहे, ४ कॉम्प्युटर आणि ४ हेडसेट, त्यातला १ कॉम्प्युटर सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना एका गेममध्ये जोडणारा, आणि बाकीचे ३ त्याला जोडले जाणारे क्लायंट, सगळे केबलनं एकाच स्विचला. तुमचं सॉफ्टवेअर वर्षभराचे पैसे भरून घेतलंय. मे महिना हाच आमचा सीझन, सोलापुरात दुपारी पारा ४२-४३ ला जातो, पोरं उन्हात खेळू शकत नाहीत म्हणून आईबाप एसीत आणून सोडतात.

तुमचं अपडेट आपोआप पडलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिन्ही क्लायंटवर 'सर्व्हर सापडला नाही'. तरी गेम चालू होतोच, पण एकट्याचा! दोघी बहिणी आल्या होत्या, धाकटी हेडसेट लावून हात पुढं करून चाचपडत होती आणि म्हणाली, काका इथं ताई नाहीच. ताई शेजारीच उभी होती ओ. पैसे परत दिले मी त्यांना.

तुमच्या सपोर्टला ५ वेळा फोन केला. प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि तेच उत्तर, फायरवॉल बंद करा, राउटर रिस्टार्ट करा, परत इन्स्टॉल करा. सगळं केलं. पिंग व्यवस्थित जातंय, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांपर्यंत पोचतायत, हे सांगितलं तरी कोणी ऐकून घेतलं नाही, उलट सर्व्हरच्या कॉम्प्युटरवरचा हेडसेट जोडतोय म्हणजे सर्व्हर बरोबर आहे, तुमच्या नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे म्हणाले.

शेवटी डिप्लोमा करणारा माझा भाचा रात्री येऊन बसला. त्यानं क्लायंटवरून सर्व्हरवरचा तुमचा पोर्ट, म्हणजे तुमचा प्रोग्राम ज्या नंबरवर जोडणी घेतो तो, तपासला तर एक-दोन सेकंदातच नकार आला. तो म्हणाला मामा, फायरवॉलनं अडवलं असतं तर बराच वेळ नुसतं थांबून टाइमआउट आलं असतं, हे तर तिकडं कोणी ऐकतच नाहीये. मग सर्व्हरवर नेटस्टॅट, म्हणजे कुठला प्रोग्राम कुठं ऐकतोय ते दाखवणारी कमांड, चालवलं आणि दिसलं की तुमचा प्रोग्राम १२७.०.०.१ या आयपी पत्त्यावरच ऐकतोय, म्हणजे फक्त स्वतःच्याच कॉम्प्युटरचं, बाहेरच्या कोणाचंच नाही. म्हणून तर सर्व्हरवरचा हेडसेट जोडत होता आणि बाकीचे नाही! सेटिंगच्या फाइलमध्ये तिथं ०.०.०.० केलं, म्हणजे बाहेरच्यांचंही ऐक, सर्व्हर बंद करून चालू केला, तिन्ही क्लायंट लगेच आत.

पण २ दिवसांनी परत अपडेट आलं आणि ते परत १२७.०.०.१ झालं. आता रोज सकाळी शटर उघडलं की आधी ती फाइल बघायची. हे काम माझं आहे का?

चूक होते, त्याबद्दल राग नाही. पण सर्व्हरवर एक कमांड चालवायला सांगितलं असतं तर पहिल्याच फोनवर कळलं असतं, ते न करता ११ दिवस माझ्याच वायरिंगला दोष दिला याचा लई त्रास झाला. केबल बदलण्यात माझे पैसे विनाकारण गेले.

तर पुढच्या अपडेटमध्ये ग्राहकाची सेटिंग पुसली जाणार नाही असं करा आणि सर्व्हर कुठल्या आयपीवर चालू आहे ते स्क्रीनवर दाखवा. हे ११ दिवस माझ्या लायसन्समध्ये वाढवून द्या आणि केबलचे पैसे परत करा, बिल सोबत जोडलंय, नेटस्टॅटचा फोटोपण. ज्यांना हे कळतं अशा माणसाकडून ८ दिवसांत लेखी उत्तर पाहिजे, नाहीतर मी ग्राहक आयोगाकडं तक्रार करणार आहे.

आपला ग्राहक,
जुळे सोलापूर