मंत्रीमहोदय, काचेच्या पेटीतला तो दगड चिरा आहे

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

खनिजे आणि अशनींचं नवं दालन मुलांसाठी खुलं झालं, अशी बातमी फीत कापतानाच्या तुमच्या फोटोसकट वाचली. आनंद झाला. आठवीतल्या मुलीला घेऊन डिचोलीहून कदंबच्या बसने पणजीला आलो. दालनाला कुलूप. चावी साहेबांकडे, साहेब मीटिंगला. दुपारी कधीतरी शिपायाने मेहेरबानी करून दार उघडलं, वर दिवे लावायचे नाहीत अशी तंबी दिली. खुलं म्हणजे तुमच्याकडे हेच असावं.

आत हेमॅटाइट, म्हणजे आपलं लोहखनिज, लिहिलेल्या पाटीमागे मँगनीजचा गोळा ठेवलाय. खालच्या पांढऱ्या कापडावर त्याची काळी भुकटी सांडलीय, ती तरी कोणी बघायची! हेमॅटाइट कितीही काळं दिसलं तरी घासलं की तांबडंच उमटतं, हे आमच्याकडच्या टिपरच्या क्लीनरलाही ठाऊक असतं.

आणि मधोमध, खास पेटीत, अवकाशातून आलेला अशनी! वाकून पाहिलं. तांबूस, भोकाभोकांचा, भोकांत पिवळी माती. साहेब, हा जांभा, घर बांधायचा चिरा. माझ्या घराच्या भिंतीत असे शेकड्याने आहेत, त्यांच्यासाठी कोणी फीत कापली नाही. अशनीच्या दगडाला अशी भोकं सहसा नसतात. हवेतून येताना वरचा थर वितळून पातळ काळं कवच धरतं, अंगठा दाबल्यासारखे खळगे पडतात. लोखंडी असेल तर कापून, घासून आम्ल लावल्यावर लोखंड-निकेलच्या आडव्यातिडव्या पट्ट्या उमटतात. लाखो वर्षं हळूहळू थंड झाल्याशिवाय त्या बनत नाहीत. हे सगळं मला मुलीने तिथेच उभं राहून सांगितलं. शिपाईही ऐकत होता, बिचारा.

1865 साली बिहारात शेरघाटीला पडलेला दगड मंगळावरचा निघाला, आणि त्या जातीच्या दगडांना आज जगभर त्या गावाचं नाव आहे. देशात पडलेले अशनी सांभाळायचं काम कोलकात्याच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. एक पत्र टाकून नमुना मागायला काय हरकत होती? पण पत्रात टेंडर नसतं, खरं ना?

तक्रारवही मागितली, तर ती भरलीय म्हणे. नवी येईल तेव्हा येईल.

डोकं का फिरलं ते सांगतो. मी ट्रकवाला. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा माझा टिपर अंगणात उभा राहिला. बँकेचा हप्ता मात्र एक दिवस थांबला नाही. पुन्हा सुरू झालं म्हणेपर्यंत 2018 ला परत बंद. बायकोचे दागिने गेले, टिपर भंगारात गेला, आणि भाटात, म्हणजे बागायतीत, खाणीची लाल माती तेवढी राहिली. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने 34,935 कोटींचं नुकसान मांडलं. फुगवलेला आकडा, म्हणतात. असेल, पाव धरा! 2010-11 त या एवढ्याशा राज्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. ते बार्जमध्ये भरताना प्रत्येक टनाचा ग्रेड काढणारे होते, लोखंड किती टक्के ते दशांशापर्यंत सांगायचे. विकायचं असलं की दगड ओळखता येतो. पोरांना दाखवायचा असला की जांभ्याचा अशनी होतो.

2014 ला सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या विक्रीतले 10 टक्के पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायला सांगितले. त्या पुढच्या पिढीतली एक माझ्याबरोबर होती. तिला तुम्ही चिरा दाखवलात.

भूशास्त्र शिकलेली मुलं आमच्या तालुक्यात मोबाईलची दुकानं सांभाळतात. त्यातला एक घ्या, पाट्या नीट करून घ्या. वशिल्याने आधीच भरलेली पदं कमी पडत असतील तर रोजंदारीवर घ्या. तो दगड तपासायला पाठवा. तेही जमत नसेल तर पाटी तरी बदला आणि खरं लिहा: जांभा, गोवा. आणि चावी मीटिंगला नेत जाऊ नका.

या पत्राची पोच लेखी हवी. ट्रकवाल्यांच्या मदतीसाठी केलेल्या अर्जाची पोच तुमच्या सरकारकडून मला अजून आलेली नाही.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक माजी ट्रकवाला